उतरण कुणाची?

पन्नास वर्षे होत आली, तरी एका उत्तरावर मी मारलेली लाल रेघ डोळ्यांसमोरून जात नाही. १९७५-७६चा सुमार. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका दुष्काळी गावात मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. सहामाहीच्या पेपरात मी प्रश्न घातला होता की, विहिरीवरच्या चाकामुळे पाणी काढणे सोपे का होते? अपेक्षित उत्तर ठरलेले : चाक ही स्थिर कप्पी आहे, तिच्यामुळे बलाची दिशा बदलते. एका मुलाने लिहिले, ‘चाकाने हलके होत नाही. बैल उताराला लागतात म्हणून मोट वर येते.’ मी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘प्रश्न कप्पीचा आहे, उतरणीचा नाही.’ दोनापैकी शून्य.

निवृत्तीनंतर मुलांसाठीची विज्ञानाची पुस्तके जमवायचा नाद लागला. शालेय, अवांतर, मराठी, इंग्रजी, हिंदी, मिळेल ते. त्यांत ‘साधी यंत्रे’ आणि ‘बल’ ही प्रकरणे मी आधी उघडतो. त्या रेघेचा गुन्हा एकट्या माझा होता की मी ज्या परंपरेतून शिकलो तिचाही होता, हे मला पाहायचे आहे. वाचकांना हा शोध क्षुल्लक वाटेल. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाची पदार्थविज्ञानाशी पहिली ओळख बहुधा याच प्रकरणात होते, आणि पहिल्या ओळखीत जे बिनसते ते पुढे सुधारायला फार वेळ लागतो.

या प्रकरणाचा साचा आपल्याकडे ठरून गेला आहे. कमी श्रमात, कमी वेळात जास्त काम करून देणारे साधन म्हणजे यंत्र, अशा अर्थाची व्याख्या. मग सहा साध्या यंत्रांची यादी : तरफ, कप्पी, चाक आणि आस, उतरण, पाचर, मळसूत्र. मग तरफेचे तीन प्रकार, प्रत्येकाची चार उदाहरणे आणि जोड्या लावा. मुले हे पाठ करतात, चांगले गुण मिळवतात. अडचण एवढीच, की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट थोडीथोडी खोटी आहे.

यादीपासून सुरुवात करू. यंत्रे सहाच का? पाच का नाहीत, आठ का नाहीत? पुस्तके हा प्रश्न येऊच देत नाहीत, त्यामुळे ग्रह जसे आठ तशी यंत्रे सहा, असा मुलांचा समज होतो. वास्तविक ही यादी निसर्गाने केलेली नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा हेरॉन जड वस्तू हलवण्याची पाच साधने सांगतो : चाक-आस, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र. त्याचा ग्रंथ आज आपल्याला मिळतो तो कुस्ता इब्न लूका याने केलेल्या अरबी भाषांतरामुळे. या पाचांत उतरण नाही. पिरॅमिडांचे दगड ज्या देशात चढवले गेले, त्याच देशात बसून लिहिणाऱ्याला उतरण हे ‘यंत्र’ वाटले नाही! तिला यादीत जागा मिळाली ती युरोपात, प्रबोधनकाळात. १५८६ साली सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश अभियंत्याने उतरणीचा नियम एका सुंदर कल्पनाप्रयोगाने सिद्ध केला. एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब असलेल्या त्रिकोणी ठोकळ्यावरून सारख्या मण्यांची बंद माळ लोंबत सोडली आहे. लांब बाजूवर दुप्पट मणी, आखूड बाजूवर निम्मे. माळ आपोआप फिरत राहील का? नाही, तसे झाले तर कुणी काही न करता जगातली सगळी चाके फिरतील. म्हणजे लांब उतारावरचे चार मणी आखूड उतारावरच्या दोन मण्यांना तोलून धरतात. सूत्र नाही, आकडेमोड नाही. दहा वर्षांच्या मुलाला ही माळ दाखवली तर तो पाच मिनिटे गप्प बसेल आणि मग वाद घालू लागेल. मी वाचलेल्या एकाही मराठी बालपुस्तकात ती मला भेटलेली नाही.

तरफेच्या तीन प्रकारांचे तर विचारूच नका. पहार पहिल्या प्रकारात घाला, असे पुस्तक सांगते. आता विहीर खणणारा माणूस पाहा. धोंड्याजवळ लहान दगड ठेवून तो पहारेचे वरचे टोक खाली दाबतो, तेव्हा टेकू मधे असतो आणि ती पहिल्या प्रकारची तरफ. दगड सापडला नाही की तोच माणूस पहारेचे टोक धोंड्याखाली जमिनीत रुतवतो आणि दुसरे टोक वर उचलतो. आता टेकू टोकाला, भार मधे : प्रकार दुसरा. पहार तीच, माणूस तोच, धोंडा तोच. वल्ह्याची गंमत याहून मोठी आहे. ॲरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या (पण बहुधा त्याच्या नसलेल्या) ‘यांत्रिक समस्या’ या ग्रंथात वल्ह्याचा टेकू म्हणजे होडीच्या काठावरची खुंटी आणि भार म्हणजे समुद्र, असे मांडले आहे. होडीत बसून पाहणाऱ्याला ते पटते. किनाऱ्यावर उभ्या माणसाला मात्र वल्ह्याचे पाते पाण्यात जवळपास स्थिर दिसते आणि होडी पुढे सरकते. त्याच्या लेखी टेकू पाण्यात आहे आणि भार होडीचा. दोघेही बरोबर आहेत. म्हणजे प्रकार वस्तूत नसून तुम्ही कुठे उभे आहात यात आहे. केवढा मोठा विचार एका वल्ह्यात सापडतो! आणि आपण त्याची जोडी लावून मोकळे होतो. (मीही लावून घेतल्या आहेत, तक्ता सुवाच्य अक्षरात होता.)

आता भाषेकडे येतो, कारण समीक्षकाचा खरा हक्क तिथे चालतो. ‘मळसूत्र’ आणि ‘पाचर’ हे शब्द कारागिरांच्या तोंडून आले आहेत आणि ते हातात घट्ट बसतात. ‘उतरण’ मात्र मला कायम खटकत आला. पुस्तकातल्या चित्रात हमाल फळीवरून पिंप ट्रकमध्ये चढवत असतो आणि खाली लिहिलेले असते ‘उतरण’. मुलाला विचारा, तो म्हणेल, ही तर चढण. शब्द उतरणाऱ्याच्या बाजूने घडला आणि काम चढवणाऱ्याचे आहे. परिभाषेत असे चालते, हे खरे. पण त्या विसंगतीकडे बोट दाखवण्याची संधी एकही पुस्तक घेत नाही.

‘फोर्स’साठी मराठीत दोन घराणी आहेत. पाठ्यपुस्तके ‘बल’ म्हणतात, मराठी विश्वकोश ‘प्रेरणा’ म्हणतो. ‘प्रेरणा’ मुलांच्या कामाचा नाही; तो ऐकला की शाळेच्या व्हरांड्यातल्या थोर पुरुषांच्या तसबिरी आठवतात. ‘बल’ ठीक आहे, पण तो पहिल्याच ओळीत येतो तेव्हा त्याच्यामागे काहीच उभे नसते. मुलाच्या पदरी आधीच केवढा साठा असतो : ढकलणे, ओढणे, रेटणे, दाबणे, पिळणे, ताणणे, उपटणे, हिसका देणे. यात बारीक भेदही आहेत. रेटा टिकून असतो, हिसका क्षणात संपतो. दोरा हिसक्याने तुटतो, ताणाने तुटेलच असे नाही. हे सगळे शब्द वर्गात गोळा करावेत, फळ्यावर लिहावेत आणि मग विचारावे, या सगळ्यांत सारखे काय? त्या सारखेपणाला नाव हवे म्हणून ‘बल’ आणावे. नाव शेवटी येते तेव्हा त्याचा उपयोग असतो.

‘काम’ या शब्दाने तर सरळ फसवणूक होते. यंत्रामुळे काम कमी होते, असे एका पाठात सांगायचे. काम म्हणजेच कार्य, आणि ते बल गुणिले विस्थापन, असे दुसऱ्या पाठात. हुशार मूल दोन्ही एकत्र ठेवते आणि गोंधळते, कारण दुसऱ्या पाठाच्या हिशेबाने यंत्र कार्य कमी करत नाही. घर्षण धरले तर थोडे वाढवतेच. कमी होते ते बल, आणि त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. ‘कमी वेळात’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. दोन स्थिर आणि दोन चल कप्प्यांच्या जोडणीने ओझे एक हात वर न्यायचे तर चार हात दोर ओढावा लागतो. वेळ वाचला कुठे?

ही चूक जुनी आहे. गॅलिलिओने १६००च्या आसपास यंत्रांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच तो यंत्रकारांना बजावतो की, यंत्राच्या युक्तीने निसर्गाला ठकवता येते हा तुमचा भ्रम आहे. आपल्या बालपुस्तकांत मात्र ठकवल्याचाच आनंद जास्त. आर्किमिडीजची गोष्ट घ्या. मला उभे राहायला जागा द्या, मी पृथ्वी हलवून दाखवतो, ही त्याची गर्वोक्ती प्रत्येक पुस्तकात असते आणि लांबलचक दांड्याला लोंबकळणारा म्हातारा चित्रात असतो. किंमत कुणी सांगत नाही. रशियन लेखक याकोव पेरेलमन यांनी ती सांगितली. हिशेब आपणही करू शकतो. पृथ्वीचे वस्तुमान किलोत सुमारे ६ वर २४ शून्ये. माणूस ६० किलोचा. म्हणजे तरफेची एक भुजा दुसरीच्या १ वर २३ शून्ये इतकी पट लांब हवी. पृथ्वी एक सेंटिमीटर उचलायची तर आर्किमिडीजच्या हाताने १ वर २१ शून्ये इतके मीटर अंतर कापायचे. सेकंदाला एक मीटर वेगाने, न थांबता, त्याला ३० लाख कोटी वर्षे लागतील. एक सेंटिमीटरसाठी! मुलांना हे सांगितले की ती आधी हसतात आणि मग तरफ म्हणजे काय ते कळते. गर्वोक्ती सांगून हिशेब न सांगणारे पुस्तक मी अर्धेच मानतो.

या संदर्भात रिचर्ड फाइनमन यांचे एक भाषण मला फार उपयोगी पडले. १९६६ साली अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षकांपुढे बोलताना त्यांनी पहिलीच्या एका पुस्तकाचा समाचार घेतला. त्यात किल्लीचे खेळण्यातले कुत्रे, खरे कुत्रे आणि मोटरसायकल अशी चित्रे होती आणि प्रत्येकाखाली प्रश्न होता, हे कशामुळे चालते? फाइनमनना वाटले, आता किल्लीच्या कुत्र्याचे पोट उघडून स्प्रिंग आणि दाते दाखवतील. पण शिक्षकांसाठीच्या आवृत्तीत सगळ्यांचे उत्तर एकच होते : ऊर्जेमुळे. त्यांचे म्हणणे असे की, या उत्तराने मूल फक्त एक शब्द शिकले. ‘ऊर्जेमुळे चालते’ आणि ‘ऊर्जेमुळे थांबते’ ही दोन्ही वाक्ये त्याला सारखीच खरी वाटतील. हे वाचताना मला माझा समासातला शेरा आठवला. मीसुद्धा त्या मुलाकडून शब्दच मागितला होता. त्याने स्प्रिंग दाखवली.

मग चांगले पुस्तक कसे असते? डेव्हिड मॅकॉले यांचे १९८८चे ‘द वे थिंग्ज वर्क’ मी अनेकदा काढून बसतो. केसाळ मॅमथ हत्तींना ओढत, ढकलत, तोलत तो यंत्रांची तत्त्वे सांगतो, आणि उतरणीखाली काय घेतो? कुलूप आणि झिप! किल्लीचे दाते म्हणजे छोट्या छोट्या उतरणी, त्यांच्यावरून कुलपातल्या पिना वर चढतात. झिपच्या सरकत्या तुकड्यात पाचरी असतात. तत्त्व आणि वस्तू यांच्यामधले अंतर इतके कमी करणारा चित्रकार क्वचित सापडतो. नेलकटरमध्ये दोन तरफा एकमेकींवर बसल्या आहेत, हे त्याने दाखवेपर्यंत मला साठ वर्षे नखे कापूनही दिसले नव्हते. तरी एक तक्रार राहते. हे पुस्तक पाहायचे आहे, करायचे नाही. मॅमथचे वजन वाचकाच्या दंडात येत नाही. बल ही डोळ्यांनी न दिसणारी, स्नायूंना कळणारी गोष्ट आहे. तिची पहिली ओळख कागदावर होऊ शकते, यावर माझा विश्वास राहिलेला नाही.

या अविश्वासाला आधार आहे. तराजूच्या दांडीवर वेगवेगळ्या अंतरांवर वजने टांगून ‘आता कोणती बाजू खाली जाईल’ असे मुलांना विचारण्याचे प्रयोग इनहेल्डर आणि पियाजे यांनी केले आणि १९७६ साली रॉबर्ट सीग्लर यांनी ते नेमकेपणाने पुढे नेले. पाच वर्षांची मुले फक्त वजन पाहतात. पुढची पायरी म्हणजे वजने सारखी असतील तरच अंतर पाहणे. त्यापुढे दोन्ही पाहणे, पण ती एकमेकांविरुद्ध गेली की अंदाजाने बोलणे. वजन गुणिले अंतर हा नियम सतरा वर्षांच्यांतही थोड्यांनाच साधतो. सीग्लर यांचे मला महत्त्वाचे वाटणारे निरीक्षण वेगळेच आहे. चुकीचा नियम वापरणाऱ्या आठ वर्षांच्या मुलांना त्यांचा अंदाज चुकवणारी उदाहरणे दाखवली की ती सुधारली. पाच वर्षांची सुधारली नाहीत. का? कारण त्यांच्या नजरेत अंतर भरतच नव्हते. नुकतीच पाहिलेली दांडी पुन्हा मांडायला सांगितली तर ती वजने बरोबर मांडत, जागा चुकवत. आधी जागेकडे पाहायला शिकवले, मग तीही उदाहरणांतून शिकली. सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी समोरचे मूल काय पाहते आहे हे पाहावे, एवढे तरी यातून घेता येते. आपण मात्र तरफेच्या पहिल्याच पानावर बलभुजा आणि भारभुजा यांच्या व्याख्या देतो.

हाताने शिकवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारच्याच राज्यात झाला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न आणि प्रयोग असत, उत्तरे नसत. ती मुलांनी वहीत लिहायची. परीक्षेत पुस्तक-वही जवळ ठेवायची मुभा होती. २००२ साली सरकारी निर्णयाने तो बंद झाला. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली तिथे जाऊन राहिले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या जोडून आकृत्या करण्याची त्यांची युक्ती तिथेच आकाराला आली. आगकाड्यांचा चौकोन दाबला की लुळा पडतो, त्रिकोण पडत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, याचे उत्तर मुलाच्या बोटांना मिळते. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण केंद्रातून ही खेळणी मराठी मुलांपर्यंत पोचली. यावर एक आक्षेप मी ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही : खेळणे झाले, मजा आली, पण मोजणे राहिले. माझ्या मते ताणकाटा हातात दिला की हा आक्षेप मिटतो. मुलाने स्थिर कप्पीवरून एक किलोचे वजन ताणकाट्याने ओढून पाहावे. काटा एक किलोच्या पुढे जातो. चाक गंजके असेल तर चांगलाच पुढे जातो. म्हणजे ‘चाकाने हलके होत नाही’ हे वाक्य काट्याच्या साक्षीने खरे ठरते.

आता मोट. चामड्याची मोट पाण्याने भरते, नाडा चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला असतो, सोंडेचा सोंदूर खालच्या कण्यावरून येतो आणि बैल धावेवरून खाली चालू लागतात. धाव ही मुद्दाम केलेली उतरण. आणि इथे तरी शब्द नेमका आहे, कारण बैल खरोखर उतरतात. हिशेबापुरते धरू की, बैलजोडी ७०० किलोची आहे, भरलेली मोट १५० किलोची, पाणी १२ मीटर खोल आणि धावेचा उतार सहास एक. बैलांच्या वजनाचा सहावा हिस्सा, म्हणजे सुमारे ११७ किलोची ओढ, त्यांनी पाय न रोवताही नाड्यावर येते. उरलेले तेहेतीस किलो आणि चाकाचे घर्षण एवढेच पायांनी रेटायचे. दुसऱ्या तऱ्हेने पाहा : १५० किलो १२ मीटर वर गेले, म्हणजे १,८०० किलोग्रॅम-मीटर, ७०० किलोची जोडी २ मीटर खाली आली, म्हणजे १,४००. पाऊण हिश्शाहून जास्त काम बैलांच्या नुसत्या उतरण्याने झाले. त्या मुलाचे उत्तर बरोबर होतेच, शिवाय माझ्या प्रश्नापेक्षा चांगले होते. प्रश्नात मी कप्पी एकटी काढून घेतली होती; त्याने ती पुन्हा विहिरीवर नेऊन बसवली.

पण १,४०० हे आले कुठून? फुकट काही मिळत नाही, हे गॅलिलिओने सांगितले आहे. रिकामी मोट खाली सोडताना बैल त्याच धावेवरून मागे सरत वर चढतात. आपलेच ७०० किलो वजन ते दोन मीटर वर नेतात, ते साठवतात आणि पुढच्या फेरीत खर्च करतात. ज्याने ही धाव पहिल्यांदा केली त्याने एका जड कामाचे दोन हप्ते पाडले.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा माझ्याकडे आला होता. गुण मागायला आला असेल, असे समजून मी वर पाहिले नाही. तो म्हणाला, “सर, भरल्याली मोट वडताना बैलं दमत न्हाईत. मागं सरताना दमत्यात. तवा तर चाकावर कायबी वजन नसतंय.” मी त्याला सांगितले, पुस्तक नीट वाच.